कॉम्प्युटेशनल केमिस्ट्री म्हणजे काय? बॅटरीचं मटेरियल कॉम्प्युटरवर कसं शोधतात?

फोनचा प्रोसेसर दरवर्षी बदलतो, कॅमेरा बदलतो, पण बॅटरी अजूनही लिथियम-आयनच. सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली. फोनच्या बॅटरीत आजही मुख्यतः लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं, आणि त्यावरचं जॉन गुडइनफ यांच्या गटाचं ऑक्सफर्डमधलं काम १९८० चं आहे! मग नवीन मटेरियल सापडायला इतका वेळ का लागतो? चला, समजून घेऊया.

अडचण कुठे आहे?

चार्जिंग करताना लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून ग्राफाइटच्या ॲनोडमध्ये जाऊन बसतात. फोन वापरताना परत येतात. म्हणजे चांगल्या कॅथोडमध्ये भरपूर लिथियम मावायला हवं, ते पटकन आत-बाहेर करायला हवं आणि तरीही रचना टिकायला हवी. लिथियम कोबाल्ट ऑक्साइडमधलं सगळं लिथियम काढलं तर रचनाच बिघडते. शिवाय कोबाल्ट महाग, आणि जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट एकट्या काँगोतून येतो. पर्याय म्हणून धातूंची हजारो मिश्रणं शक्य आहेत. प्रत्येक भट्टीत भाजून, सेल बनवून तपासत बसलं तर आयुष्य पुरणार नाही.

कॉम्प्युटर नेमकं काय काढतो?

इथे कामाला येते डेन्सिटी फंक्शनल थिअरी. वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये तिचा पाया घातला. कोन यांना १९९८ मध्ये नोबेल मिळालं. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा हिशोब ठेवण्याऐवजी ती इलेक्ट्रॉनची घनता धरून पदार्थाची ऊर्जा काढते. या ऊर्जेवरून तीन गोष्टी कळतात:

१. व्होल्टेज: लिथियम आत असताना आणि नसताना ऊर्जेत किती फरक पडतो, त्यावरून.
२. वेग: आयनला एका जागेवरून दुसरीकडे उडी मारताना किती उंच 'घाट' चढावा लागतो, त्यावरून. हा घाट फक्त ०.०६ इलेक्ट्रॉन-व्होल्टने कमी झाला, तरी खोलीच्या तापमानाला उड्या जवळपास १० पट वाढतात.
३. टिकाऊपणा: पदार्थ मोडून दुसरे पदार्थ बनणं ऊर्जेच्या दृष्टीने फायद्याचं आहे का, त्यावरून.

एक खरं उदाहरण

एमआयटीमध्ये गेर्ब्रांड सेडर यांच्या गटातले किसुक कांग, शर्ली मेंग आणि सहकारी लिथियम निकेल मँगनीज ऑक्साइडवर काम करत होते. त्यात कोबाल्ट नाही, पण चार्जिंग संथ. गणिताने कारण दाखवलं: निकेलचे काही अणू लिथियमच्या थरात घुसतात, त्यामुळे थरांमधली जागा आवळली जाते आणि घाट उंच होतो. उपाय? आधी सोडियम घालून पदार्थ बनवायचा. सोडियम मोठा, त्यामुळे निकेलशी त्याची अदलाबदल होत नाही. नंतर सोडियम काढून लिथियम बसवायचं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मटेरियल खरंच वेगवान निघालं.

पीएचडीत रोज काय करतात?

बराचसा वेळ इनपुट फाइल्स, पायथन स्क्रिप्ट्स, सुपरकॉम्प्युटरची रांग आणि मध्येच बंद पडलेले जॉब यांत जातो. अणू दुप्पट केले की वेळ साधारण ८ पट होतो, म्हणून मोजकेच अणू घेता येतात. त्यामुळे आता मशीन लर्निंगचीही मदत घेतात. मायक्रोसॉफ्ट आणि अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट नॅशनल लॅबोरेटरीने २०२४ च्या सुरुवातीला ३ कोटी २० लाखांहून जास्त पर्यायांतून १८ निवडल्याचं जाहीर केलं.

पण थांबा! कॉम्प्युटरने पास केलेला पदार्थ भट्टीत बनेलच असं नाही. म्हणून '५ मिनिटांत चार्ज' अशी बातमी दिसली की तीन प्रश्न विचारा: हे फक्त गणित आहे की पदार्थ बनवलाय? पूर्ण सेलमध्ये तपासलाय? किती वेळा चार्ज केल्यावर टिकला?

स्वतः बघायचंय? २०११ पासून सुरू असलेला 'मटेरियल्स प्रोजेक्ट' हा डेटाबेस मोफत आहे, आणि त्यासोबत पायमॅटजेन ही पायथन लायब्ररीही. कोडिंग येत असेल आणि बारावीची केमिस्ट्री अगदीच विसरला नसाल, तर सुरुवात लॅपटॉपवरूनही होते.