चार दिवसांचे पाहुणे आणि खेड्यातील शाळा

पाहुण्याने चार दिवस घरी यावे, लहानथोरांची प्रेमाने विचारपूस करावी, आणि निघताना या घरात चूल कोठे मांडावी हेही ठरवून जावे, असा प्रसंग सुमारे एकशेसत्तर वर्षांपूर्वी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मिशन शाळांवर आला. पाहुणे अमेरिकेतील बोस्टन शहराचे होते. त्यांच्या हेतूविषयी शंका घ्यावयास जागा नाही. म्हणूनच ती हकीगत विचार करण्याजोगी आहे.

बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेची स्थापना १८१० सालची. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे १८१३ साली मुंबईस उतरले. या मंडळींनी मराठी शिकून मराठी शाळा काढल्या. १८२७ साली सिंथिया फरार नावाची अविवाहित शिक्षिका मुंबईस आली; १८३९ साली ती नगरास गेली आणि १८६२ साली तेथेच वारली. म्हणजे तिच्या आयुष्याची चौतीस वर्षे या मुलखातील मुलींना शिकविण्यात गेली. तिची नगरची शाळा जोतीराव फुले यांनी पाहिली होती, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढताना तिचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांपुढे होते. नगरच्या ठाण्यावर मराठीबरोबर इंग्रजीचेही वर्ग चालत.

अशा स्थितीत १८५४ च्या अखेरीस बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन आणि त्यांचे सहकारी ऑगस्टस थॉम्पसन मुंबईस आले. मराठी मुलूख, मदुरा, सिंहलद्वीपातील जाफना अशी ठाणी पाहून १८५५ साली ते परतले. मराठी मुलखात त्यांचा मुक्काम थोड्या महिन्यांचाच होता. दोघांनाही येथली भाषा येत नव्हती. जे ऐकावयाचे ते दुभाष्याच्या तोंडून.

अँडरसन हा सामान्य मनुष्य नव्हता. देशी मंडळींनी आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण चालवावा आणि आपला प्रसार आपणच करावा, परदेशी माणसाने एक दिवस तेथून निघून जावे, हा त्याचा सिद्धान्त होता. परक्या सत्तेच्या त्या काळात असे बोलणारा गोरा मनुष्य विरळाच. इंग्रजी शाळांविषयी त्याचा आक्षेपही बिनबुडाचा नव्हता. इंग्रजी शिकलेला मुलगा गावी राहत नाही, कचेरीत नोकरी धरतो. मग शाळेचा गावाला लाभ कोणता? तेव्हा शिक्षण स्वभाषेत द्यावे, खेड्यातील मंडळीपुरते द्यावे, आणि मिशनऱ्यांनी शहर सोडून खेड्यापाड्यांत पांगावे, असे त्याने ठरविले.

परिणाम लवकरच दिसला. नगरचे इंग्रजी शिक्षण बंद पडले. जाफन्यात १८२३ पासून चालत आलेले बॅटिकोटा येथील विद्यालय १८५५ साली मिटले. त्या विद्यालयाची योग्यता काय होती? १८५७ साली मद्रास विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याचे पहिले दोन पदवीधर, दामोदरम् पिळ्ळै आणि विश्वनाथ पिळ्ळै, हे दोघेही बॅटिकोट्याचेच विद्यार्थी निघाले. इंग्रजीने माणूस आपल्या भाषेला पारखा होतो असे म्हणावे, तर याच दामोदरम् पिळ्ळै यांनी पुढे ताडपत्रांवरील जुने तमिळ ग्रंथ शोधून छापून काढले!

पण याहून मोठी गोष्ट पाहुण्यांच्या नजरेत पुरती आली नाही. मुलाने गावातच राहावे, हे बोस्टनमध्ये गोड वाटणारे वाक्य महारवाड्यात वेगळेच ऐकू येते. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले, त्याला गावाबाहेर नेणारी वाट हाच शाळेचा मोठा लाभ. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारला, आणि मुंबई सरकारनेही त्या मुलाची बाजू घेतली नाही. सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या असाव्यात हे तत्त्व १८५८ साली सांगितले गेले खरे. पण तत्त्व कागदावरून शाळेच्या उंबऱ्यापर्यंत यावयास फार काळ लागला. अशा मुलांना मिशनच्या शाळेवाचून दुसरे दार थोडेच होते, आणि त्या दारातून इंग्रजी नेमकी याच वेळी काढून घेतली गेली.

या निर्णयाला विरोध झाला नाही असे नाही. अमेरिकेतच बोभाटा होऊन १८५६ साली ऑल्बनी येथे बोर्डाला खास सभा भरवावी लागली. कोल्हापूरचे मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी बोर्डाच्या शाळांविषयीच्या धोरणावर १८६१ साली पुस्तकच लिहिले. वाद झाला तो मिशनरी आणि त्यांचे वरिष्ठ यांच्यात. ज्यांची मुले त्या बाकांवर बसत होती, त्या आईबापांना त्या सभेत जागा नव्हती.

पुढे काळानेच निर्णय फिरविला. बॅटिकोट्यास १८७२ साली जाफना कॉलेज उघडले. नगरास १८८२ साली मिशनचे हायस्कूल निघाले, आणि १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापन केले. मिटलेले दार पुन्हा उघडले. पण मधल्या पाव शतकात जी मुले शाळेच्या वयाची होती, त्यांचे वय काही पुन्हा आले नाही.

आजही परदेशातून सुट्टीपुरती मंडळी येतात, खेड्यातील शाळेस रंग देतात, पुस्तके देतात. आपल्या शहरांतूनही तशी मंडळी खेड्यांकडे जातात. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. अँडरसनने मराठीचा आग्रह धरला यातही वावगे काही नव्हते. चूक झाली ती एवढीच की, आपल्या मुलाने काय शिकावे असे तुम्हांस वाटते, हा प्रश्न गावातील बापाला कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर मिळावयास कदाचित चार दिवस पुरले नसते. सिंथिया फरार मात्र ते ऐकावयास चौतीस वर्षे थांबली होती.