जुनी वृत्तपत्रे, काळा पियानोवादक आणि आपले जलसे

दलित चळवळ आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची चळवळ यांचे नाते सांगताना आपण बहुधा १९७२ पासून सुरुवात करतो. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि तिने आपले नाव १९६६ साली अमेरिकेत निघालेल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले. थोडे मागे गेलो तर मिलिंद महाविद्यालयातील डॉ. म. ना. वानखेडे यांनी आपल्या लेखकांना करून दिलेली निग्रो साहित्याची ओळख आठवते. आणखी मागे गेलो तर १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना लिहिलेल्या पत्रापाशी थांबतो. हे सगळे नाते विचारांचे आणि पुस्तकांचे आहे. परंतु त्या पत्राच्या दहा-अकरा वर्षे आधीच अमेरिकेतील काळी माणसे मुंबईत येऊन राहिली होती. ती विचारवंत नव्हती, वाद्ये वाजवून पोट भरणारी कामकरी माणसे होती. टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक त्यांपैकी एक. त्याच्या येथील कार्यक्रमांचा माग मी जुन्या नियतकालिकांतून काढतो आहे.

घाटकोपरच्या वस्तीत अभ्यासवर्ग चालविणाऱ्या एका कार्यकर्त्याने मला सरळ विचारले, की ताजमहाल हॉटेलात श्रीमंतांना नाचविणाऱ्या वादकाशी आपला संबंध काय? प्रश्न रास्त आहे. हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

आधी माणूस पाहू. वेदरफोर्ड १९०३ साली व्हर्जिनियातील पोकाहाँटास या कोळशाच्या खाणींच्या गावी जन्मला. योगायोग असा, की ताजमहाल हॉटेलही त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाले. तरुणपणी तो न्यू ऑर्लीन्सला पियानो शिकला आणि पुढे शिकागोला गेला. तेथे मूकपट चालू असताना वाद्यवृंद वाजविणारे व्हेंडोम नावाचे चित्रपटगृह होते. अर्स्किन टेट यांच्या त्या वाद्यवृंदात वेदरफोर्ड पियानोवर आणि लुई आर्मस्ट्राँग तुतारीवर, अशी १९२६ सालची ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येते. त्या काळी शिकागोतील पहिल्या प्रतीच्या पियानोवादकांत अर्ल हाइन्सबरोबर त्याचे नाव घेतले जाई. त्याच वर्षी तो जॅक कार्टर यांच्या बँडबरोबर आशियात आला आणि शांघायला राहिला. १९३३ साली कवी लँग्स्टन ह्यूज शांघायला गेले तेव्हा त्यांची याच्याशी भेट झाली. आपल्या आत्मकथनात त्यांनी ती नोंदवली आहे.

मुंबईत ताजमध्ये १९३५ साली लिऑन ॲबी यांचा काळ्या वादकांचा बँड आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ हे तुतारीवादक बँडप्रमुख झाले. १९३६ साली त्यांनी मुंबईतच ‘ताजमहाल’ नावाची नृत्यधून ध्वनिमुद्रित केली. वेदरफोर्ड या मंडळींत आला, मध्ये १९३७ साली पॅरिसला जाऊन एकट्याच्या पियानोच्या ध्वनिमुद्रिका करून परतला आणि पुढे स्वतः बँडप्रमुख झाला. महायुद्धाच्या काळात तो कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात वाजवीत होता. २५ एप्रिल १९४५ रोजी तेथेच तो पटकीने गेला, तेव्हा त्याचे वय अवघे एकेचाळीस होते.

हा वृत्तांत आज आपल्याला सांगता येतो तो कशाच्या आधारे? नरेश फर्नांडिस यांनी २०१२ साली मुंबईतील जॅझवर ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ हे इंग्रजी पुस्तक काढले, ते वृत्तपत्रे आणि वादकांच्या घरची कात्रणे धुंडाळूनच. मीही त्याच वाटेने गेलो आणि माझ्या लक्षात आले, की वेदरफोर्डची नोंद तीन प्रकारच्या कागदांनी राखली आहे.

पहिला प्रकार हॉटेलांच्या जाहिरातींचा. मुंबईच्या इंग्रजी दैनिकांत रात्रीचे जेवण, नृत्य आणि बँड यांच्या जाहिराती येत. संशोधकाला त्यांतून वार आणि तारीख मिळते, जागा मिळते, बँडप्रमुखाचे नाव मिळते. पण जाहिरात म्हणजे घडलेल्या कार्यक्रमाचा पुरावा नव्हे, घडणार असलेल्या कार्यक्रमाची ती घोषणा आहे. शिवाय तिच्यात नाव एकाचेच असते. ‘अमुक आणि त्यांचा बँड’ या चार शब्दांत दहा-बारा माणसे बुडून जातात. वेदरफोर्डबरोबर वाजविणारे फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय वादक त्या ‘आणि’च्या पलीकडे आहेत. काळ्या वादकाच्या वर्णाचा उल्लेखही आकर्षण म्हणूनच होई. जो वर्ण त्याला त्याच्या देशात वेगळ्या डब्यात बसवी, तोच येथे तिकीट खपवी.

दुसरा प्रकार ध्वनिमुद्रिकांचा. तबकडीवर क्रमांक असतो, कंपनीकडे नोंदवही असते, त्यातून काळ ठरविता येतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो म्हणजे काळ्यांची स्वतःची वृत्तपत्रे. रॉबर्ट ॲबट यांनी १९०५ साली शिकागोत ‘शिकागो डिफेंडर’ हे साप्ताहिक सुरू केले. लिंचिंगच्या बातम्या निर्भयपणे छापणारे, दक्षिणेतील काळ्या मजुरांना उत्तरेत या म्हणून सांगणारे हे पत्र. पण त्याच पत्रात डेव्ह पेटन यांचे वादकांवरील सदर चाले. कोण कोणत्या नाट्यगृहात वाजवितो, कोण परदेशी गेला, हे त्यात येई. शांघायहून, मुंबईहून वादक अशा पत्रांना खुशाली कळवीत आणि ती छापली जाई. एक समाज आपल्या माणसाचा हजारो मैलांवरून पत्ता ठेवीत होता. गोऱ्यांच्या पत्रांनी दखल घेवो न घेवो, आपल्या पियानोवाल्याचे काय चालले आहे हे शिकागोच्या काळ्या वाचकाला कळत होते.

आता त्याच काळातील आपल्याकडे वळू. १९३६ साल घ्या. ताजमध्ये काळा बँड वाजत होता त्याच साली, ३१ मे रोजी, दादरला बाबासाहेबांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण केले. त्याच दशकात नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव हिंडत होते. ढोलकी, तुणतुणे, झांज आणि खड्या आवाजाच्या बळावर महाडचा आणि काळाराम मंदिराचा लढा निरक्षर माणसापर्यंत पोचत होता. ही कलाच होती, तिला प्रेक्षक होता, रंगमंच होता, वादक होते. पण वेदरफोर्ड अमुक महिन्यात कोठे होता हे जसे शोधता येते, तसे एखादा जलसा अमुक रात्री कोठे झाला हे शोधू पाहा. प्रस्थापित दैनिकांत तो सापडत नाही. ‘जनता’त सभा-परिषदांच्या वृत्तांतात उल्लेख येतात, बाकी कर्डकांनी स्वतः उतारवयात जलशांवर पुस्तक लिहिले म्हणून वाचले ते वाचले.

हे असे का झाले? जलशाकडे जाहिरातीला पैसे नव्हते, एवढे उत्तर पुरेसे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवले आहे. याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. अमेरिकेतील काळ्या वादकाच्या नावाला मुंबईच्या वृत्तपत्रात जागा मिळाली, कारण त्याच्या मागे हॉटेल उभे होते. अस्पृश्यांच्या पत्राला रोख मोजूनही जागा मिळाली नाही, कारण त्याच्या मागे फक्त अस्पृश्य उभे होते. म्हणून जुन्या वृत्तपत्रांची पाने म्हणजे त्या काळच्या समाजाचा आरसा असे जे म्हटले जाते ते मला मान्य नाही. त्या काळी कोणाला जागा विकली गेली आणि कोणाला विकतही दिली गेली नाही, याचा तो हिशेब आहे.

यावरून कोणी वेदरफोर्डला सुखवस्तू ठरवू नये. कला हवी, कलावंत नको, ही रीत दोन्हीकडची आहे. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात काळे वाजवीत आणि बसून ऐकण्याचा हक्क गोऱ्यांना असे. आपल्याकडे महार-मांगांनी तमाशा उभा केला, लग्नाच्या मिरवणुकीत पुढे मांगांचा ताफा हवाच असे, पण पंगतीत त्यांचे पान वेगळे पडे. ताजमध्ये काळ्या वादकाला जो मान मिळाला तो परदेशी पाहुणा म्हणून, आणि नृत्याच्या फरशीवर नव्हे तर मंचावर. त्या हॉटेलच्या दाराशी जातीची पाटी नव्हती. येथल्या दलिताला अडवायला तिची गरजही नव्हती.

हा पियानो पुढे उपनगरांत कसा आला, तेही पाहण्यासारखे आहे. मुंबई राज्यात १९५० च्या सुमारास दारूबंदी आली आणि हॉटेलांतील रात्री ओसरल्या. बँडमधील वादक चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोमंतकीय तुतारीवादक सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करू लागले. १९५१ साली ‘अलबेला’ आला. त्यातले नाचणारे भगवानदादा गिरणीकामगाराचे पुत्र. काळ्यांच्या संगीताची ती लय त्यांच्या पायांतून चाळीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत उतरली. ज्यांना ताजचे दार कधी दिसले नाही त्यांनी ती आपली म्हणून नाचली. मालाड, गोरेगाव, अंधेरी ही चित्रपटगृहनिर्मितीची नव्हे, चित्रपटनिर्मितीची उपनगरे; त्यांचे अर्थकारण अशा नाव नसलेल्या वादकांच्या श्रमावर उभे राहिले. पडद्यावर नाव आले ते संगीत दिग्दर्शकाचे. ‘आणि त्यांचा बँड’ हा नियम येथेही सुटला नाही.

त्याच उपनगरांत आपले कलावंत राहत होते. घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहिले. १९४४ साली त्यांनी अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक काढले. सरकारने पुढे त्यावर बंदी घातली. अशा पथकांचा माग काढताना वृत्तपत्रांपेक्षा पोलिसी कागद अधिक बोलके ठरतात. जेथे रसिकाने लिहिले नाही तेथे हेराने लिहिले! आणि मुलुंडच्या झोपडपट्टीत विलास घोगरे राहत होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मेली. तो आघात सहन न होऊन १५ जुलैला या शाहिराने जीवन संपविले. वर्षानुवर्षे वस्त्यावस्त्यांत गाणाऱ्या माणसाचे नाव बहुसंख्य वाचकांना प्रथम कळले ते मृत्यूच्या बातमीतून. त्यांचा आवाज राहिला आहे तो आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये आणि २०११ च्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये. एका चित्रपटकाराने यंत्र समोर धरले म्हणून तो राहिला.

तेव्हा ‘आपला संबंध काय’ या प्रश्नाचे माझे उत्तर असे. वेदरफोर्डच्या शोधातून काळ्या समाजाची एक सवय कळते. त्यांनी लढ्याच्या बातमीशेजारी वादकाची बातमी छापली. लढा मोठा आणि गाणे दुय्यम, अशी वाटणी केली नाही. आपल्या पत्रांना ते फार जमले नाही, आणि त्याचा दोष कोणाला देता येत नाही. ‘बहिष्कृत भारत’चे अंकच्या अंक बाबासाहेबांना एकट्याने लिहून काढावे लागले आणि पैशाअभावी १९२९ साली ते पत्र बंद पडले. त्या ओढग्रस्तीत तुणतुणेवाल्याचे नाव कोण छापणार? पण आज ती सबब आपल्याला नाही. आपल्यात पदवीधर आहेत, शिक्षक आहेत, आणि प्रत्येकाच्या हातात छायाचित्र घेणारे, आवाज टिपणारे यंत्र आहे.

विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे, की प्रबंधाचा विषय शोधत दूर जाण्याआधी आपल्या नगरात चौकशी करावी. चौदा एप्रिलच्या आणि सहा डिसेंबरच्या कार्यक्रमांची जुनी हस्तपत्रके, वर्गणीच्या पावत्या, मंडळांच्या हिशेबवह्या, घरोघरच्या ध्वनिफिती गोळा कराव्यात. पत्रकावर बहुधा तारीख आणि महिना असतो, साल नसते. ते विचारून मागे पेन्सिलीने लिहावे. गायकाबरोबर ढोलकीवर कोण होते, कोरसमध्ये कोणत्या बाया होत्या, ते दिवसा कोठे कामाला जात, किती बिदागी मिळाली किंवा मिळाली नाही, हे नावानिशी नोंदवावे. सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. मी माझ्यापुरते हे काम मुलुंड ते घाटकोपर या पट्ट्यात सुरू केले आहे; अंधेरी आणि बोरिवलीच्या बाजूला कोणी तरी उचलावे.