फीडबॅक फॉर्मचा इतिहास: आपण नेमकं काय मोजतोय?

सेमिस्टर संपत आलं की ग्रुपवर एक लिंक पडते. शिक्षक विषय नीट समजावतात का? अभ्यासक्रम वेळेत झाला का? आपण धडाधड 'उत्तम' टिक करतो आणि मोकळे होतो. पण संशोधनाकडे वळायचं ठरवलं असेल, तर हा फॉर्म एकदा संशोधकाच्या नजरेने वाचा. उद्या अशीच एखादी प्रश्नावली तुमचा डेटा असणार आहे.

सुरुवात कुठे झाली?

1920 च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स या मानसशास्त्रज्ञाने शिक्षकांना गुण देण्याची एक मोजपट्टी बनवली. आपलं शिकवणं मुलांना कसं वाटतं, हे शिक्षकाला कळावं, हा त्यामागचा हेतू. रेमर्स यांनी हेही दाखवलं की एकट्या विद्यार्थ्याचं मत डळमळीत असलं, तरी पंचवीसेक मतांची सरासरी चांगलीच स्थिर असते.

इथे जरा थांबा. स्थिर असणं म्हणजे विश्वसनीयता. जे मोजायचं तेच मोजलं जाणं, ही वैधता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचा वजनकाटा रोज दोन किलो जास्त दाखवत असेल, तर तो विश्वसनीय आहे, पण चुकीचा आहे.

पुढच्या काही दशकांत फॉर्म तोच राहिला, काम मात्र बदललं. शिक्षकाने स्वतःला सुधारायचं साधन त्याच्या बढतीचा निकष झालं. आपल्याकडे 1994 मध्ये नॅक स्थापन झाली. 2017 च्या सुधारित पद्धतीत तिने विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणलं: वीस पर्यायी प्रश्न आणि एक मोकळा. त्या पद्धतीत तोच फॉर्म कॉलेजच्या श्रेणीलाही हातभार लावू लागला.

मग गुण आणि शिकणं यांचा संबंध काय?

हे तपासायची एक छान पद्धत आहे. एकच विषय, अनेक तुकड्या, वेगवेगळे शिक्षक आणि शेवटी सगळ्यांना समान परीक्षा. ज्या शिक्षकाला जास्त गुण, त्याची मुलं परीक्षेत पुढे आहेत का, एवढंच बघायचं. अशा अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण करून पीटर कोहेन यांनी 1981 मध्ये 0.43 सहसंबंध काढला. कित्येक वर्षं हा आकडा फॉर्मच्या बाजूचा पुरावा म्हणून दिला जायचा.

2017 मध्ये बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी तेच जुने अभ्यास पुन्हा उघडले. त्यातले बरेचसे अगदी थोड्या तुकड्यांवर बेतलेले होते, आणि मोठे सहसंबंध नेमके अशाच छोट्या अभ्यासांतून आले होते. नमुन्याचा आकार हिशेबात घेतल्यावर संबंध जवळपास शून्यावर आला. आकडेवारी तीच, निष्कर्ष उलटा! म्हणून कोणताही सहसंबंध वाचताना आधी नमुना किती मोठा होता ते बघा.

सार्वजनिक धोरणाच्या वर्गाला जवळचा अभ्यास पॅरिसच्या सियान्स पो या संस्थेतला आहे. पहिल्या वर्षाच्या सहा सक्तीच्या विषयांत 379 शिक्षकांना विद्यार्थ्यांनी दिलेली 23,001 मूल्यांकनं संशोधकांनी तपासली (2016). पुरुष शिक्षकांना जास्त गुण मिळत होते, आणि त्यात मोठा वाटा मुलग्यांचा होता. समान अंतिम परीक्षेत मात्र पुरुष शिक्षकांच्या तुकड्या पुढे नव्हत्या.

आता आपल्याकडे या

समजा, पालघर-बोईसरच्या मुलांसाठी धोरणावरचं एक सेमिनार आहे. विषय: तारापूर औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी आणि किनारा. माहीमची विद्यार्थिनी आधी पालघर स्टेशन गाठणार, मग गाडी. सकाळचं सत्र चुकलं आणि फॉर्म नेमका त्याच सत्रात भरून घेतला, तर तिचं मत मोजलंच गेलं नाही. ज्यांना यायला सर्वांत जास्त त्रास होतो तेच गळतात, आणि सरासरी आहे त्यापेक्षा गोड दिसते.

दुसरी अडचण प्रश्नांची. अशा सेमिनारचं यश कशात? प्रदूषण नियंत्रण मंडळाचा आदेश मुलांना वाचता येतो का? नवापूरच्या मच्छीमाराशी आणि कारखान्यातल्या कामगाराशी, दोघांशीही त्या बोलल्या का? पुराव्यामुळे एखादं मत बदललं का? 'शिक्षक वेळेवर येतात' या वाक्याला पाच गुण देऊन यातलं काहीच कळत नाही.

म्हणजे फॉर्म टाकाऊ आहे का? नाही. टोरंटोच्या रायर्सन विद्यापीठातल्या वादात 2018 मध्ये लवादाने सांगितलं की, शिकवणं किती परिणामकारक आहे हे ठरवायला, तेही बढती आणि कायम नेमणुकीसाठी, हे आकडे वापरू नयेत. वर्गातला अनुभव कसा होता, हे मात्र विद्यार्थ्यांनाच विचारायला हवं, हेही त्याने मान्य केलं. आवाज ऐकू येत होता का, शंका विचारायची भीती वाटत होती का, हे मुलांइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

एक सराव सुचवते. तुमच्या कॉलेजच्या संकेतस्थळावर समाधान सर्वेक्षणाचा अहवाल शोधा. किती मुलांना विचारलं आणि किती जणांनी भरलं? नुसती सरासरी दिली आहे की उत्तरांची विभागणीही? फॉर्म निनावी होता का? निकाल कोण वापरणार होतं? मोकळ्या प्रश्नाच्या उत्तरांचं पुढे काय झालं? पाचही उत्तरं एका पानावर लिहा. संशोधन पद्धतीच्या पेपरला आणि पेटच्या मुलाखतीला, दोन्हीकडे हे पान कामी येईल.