जळके ऑइल जाळावे कसे?

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद तालुक्यात नांगरणी ट्रॅक्टरवर आली, दुचाकी घरोघरी झाली आणि त्यांच्या मागोमाग गॅरेजच्या कोपऱ्यात काळ्या तेलाने भरलेली पिंपेही आली. इंजिनातून काढून टाकलेल्या या तेलाला ग्रामीण भागात ‘जळके ऑइल’ म्हणतात. बैलगाडीच्या आसाला वंगण म्हणून, सेंट्रिंगच्या फळ्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून ते वापरले जाते. उरलेले ओल्या सरपणावर ओतून पेटविले जाते, नाही तर मागच्या नालीत सोडून दिले जाते.

नावातच एक गफलत आहे. हे तेल जळके म्हणवते, पण ते जळलेले नसते. इंजिनात ते काजळी, धातूचा कीस आणि पाणी यांनी मळते, त्याचा वंगणाचा गुण उतरतो. उष्णता मात्र त्यात जवळजवळ पूर्ण शिल्लक राहते. एक किलो तेलातून साधारणपणे दहा हजार किलोकॅलरी उष्णता मिळते. डिझेलपेक्षा ती थोडीशीच कमी आणि वाळलेल्या लाकडाच्या अडीच ते तीन पट. एका मध्यम ट्रॅक्टरच्या इंजिनातून दर अडीचशे तासांच्या कामानंतर सात-आठ लिटर आणि दुचाकीतून दर वेळी सुमारे एक लिटर असे तेल निघते. भट्टी, बॉयलर किंवा डांबर तापविण्यासाठी ते वापरण्याचा मोह होणे साहजिक आहे. योग्य बर्नरमध्ये ते स्वच्छ जळू शकते, हेही खरे. मात्र ‘योग्य’ या शब्दात बरेच काही सामावलेले आहे.

तेलात काय असते?

नव्या वंगण तेलातच जस्त, फॉस्फरस, गंधक, कॅल्शियम यांची संयुगे मिसळलेली असतात. वापरादरम्यान त्यात बेअरिंग आणि पिस्टनच्या झिजेतून लोखंड, तांबे, क्रोमियम, शिसे उतरते. न जळालेले पेट्रोल किंवा डिझेल झिरपते, काजळी साचते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभरात शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागल्यामुळे या तेलातील शिशाचे प्रमाण पूर्वीपेक्षा पुष्कळ घटले. पण ते नाहीसे झालेले नाही. ज्वलनातून तयार होणारी बहुचक्री हायड्रोकार्बन संयुगे हा त्यातील अधिक काळजीचा भाग आहे. वापरलेले इंजिन तेल उंदरांच्या त्वचेवर सातत्याने लावले असता तेथे कर्करोगाच्या गाठी उद्भवल्याचे प्रयोगांत आढळले आहे. मेकॅनिकच्या कोपरापर्यंत माखलेल्या हातांचा विचार या संदर्भात कोणी फारसा करत नाही.

पाण्याचा प्रश्न तर या तालुक्याला अधिकच लागू पडतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात जमिनीतले पाणी आधीच खारट. म्हणूनच जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावे पाणीपुरवठा योजना राबवावी लागली. एका वेळच्या ऑइल बदलातून निघालेले गॅलनभर तेल दहा लाख गॅलन गोड्या पाण्याची नासाडी करू शकते, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. जेथे गोडे पाणी दुरून आणावे लागते तेथे नालीत सोडलेल्या तेलाची किंमत वेगळी सांगायला नको.

धूर का होतो?

तेल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. डिझेल ५०-६० अंश सेल्सियसच्या आसपास पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते. इंजिन तेलाला त्यासाठी सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापावे लागते. शेकोटीवर किंवा उघड्या चुलीत ओतलेले तेल वरवर तापते, अर्धवट फुटते आणि पुरेशी हवा न मिळाल्याने त्यातला कार्बन काजळीच्या रूपाने बाहेर पडतो. काळा धूर आणि घशाला झोंबणारा वास त्यातूनच येतो.

एक किलो तेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे चौदा किलो, म्हणजे जवळपास बारा घनमीटर हवा लागते. दहा बाय दहा फुटांच्या आणि तेवढ्याच उंचीच्या बंद खोलीतली सगळी हवा जेमतेम अडीच किलो तेलाला पुरेल. अर्थात तेवढी वेळ येण्याच्या कितीतरी आधी त्या खोलीतला माणूस कार्बन मोनॉक्साइडने बेशुद्ध पडेल, आणि या वायूला ना रंग असतो ना वास.

खास बर्नरचे काम या दोन अडचणींभोवती फिरते. तेलाचा पृष्ठभाग वाढवायचा, म्हणजे ते लवकर वाफारते. आणि प्रत्येक थेंबापर्यंत हवा पोचवायची. त्यासाठी प्रामुख्याने तीन पद्धती प्रचलित आहेत.

सर्वांत साधी तव्याची. लोखंडी भांडे आधी तापवून त्यात तेल बारीक धारेने सोडतात, भांड्याच्या कडेच्या छिद्रांतून पंख्याची हवा येते आणि वाफ भांड्याच्या वर जळते. यात हलते भाग नाहीत, गाळणे चोख नसले तरी चालते, आणि वेल्डिंगच्या दुकानात ती बनविता येते. दोष असा की तव्यात दगडासारखा कोळसा साचतो. तो रोज खरवडला नाही तर तेल साचून ओसंडते. पेटलेले तेल जमिनीवर पसरल्यावर काय होते हे सांगायची गरज नाही.

दुसरी पद्धत दाबाच्या हवेची. तेल साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवून पातळ करतात आणि कॉम्प्रेसरची हवा नोझलमधून सोडतात. हवा स्वतःच तेल ओढून घेते आणि त्याचे धुक्यासारखे बारीक तुषार करते. कारखान्यात तयार होणारे बहुतेक टाकाऊ तेलाचे हीटर याच तत्त्वावर चालतात. ज्योत पिवळीधमक आणि स्थिर राहते, चिमणीतून धूर जवळपास दिसत नाही. पण नोझलचे छिद्र सूक्ष्म असल्याने तेल नीट गाळावे लागते.

तिसरी युक्ती अमेरिकेतील रॉबर्ट बॅबिंग्टन यांची. १९६० च्या दशकात त्यांनी ती शोधून काढली. तेल नोझलमधून सोडण्याऐवजी एका पोकळ गोळ्यावरून ओघळू द्यायचे आणि गोळ्याला पाडलेल्या केसाएवढ्या छिद्रातून आतली हवा बाहेर फेकायची. छिद्रावरून जाणारा तेलाचा पातळ पापुद्रा हवेच्या झोताने फाटून तुषार होतो. बाकीचे तेल खाली गळून पुन्हा वर चढविले जाते. छिद्रातून फक्त हवा जात असल्याने ते तुंबत नाही. अमेरिकी लष्कराच्या फिरत्या स्वयंपाकघरांत या जातीचे बर्नर वापरले गेले.

येथे एक बारकावा आहे, आणि विक्रेत्यांच्या माहितीपत्रकात तो सहसा सापडत नाही. बर्नर कितीही उत्तम असला तरी धातू जळत नाही. तव्याच्या पद्धतीत बराचसा धातू तव्यातल्या राखेत अडकतो. तुषार पद्धतीत मात्र तो सूक्ष्म कणांच्या रूपाने चिमणीवाटे वर जातो. म्हणजे डोळ्याला स्वच्छ दिसणारी ज्योत हवेत अधिक धातू सोडत असू शकते. चिमणीतून धूर निघत नाही एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे. चिमणी उंच हवी, तिचे तोंड बाहेर मोकळ्यावर हवे, आणि मोठ्या भट्टीला धूलिकण पकडणारी यंत्रणा हवी.

अपघात कोठे होतात?

सर्वांत मोठा शत्रू पाणी. उकळत्या तेलात ओल्या हाताचा थेंब पडला की काय होते हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे सतराशे पटींनी वाढते. पिंपाच्या तळाशी साचलेले लिटरभर पाणी तेल तापविण्याच्या टाकीत गेले तर फेसाळलेले तेल उसळून बाहेर येते आणि जवळच ज्योत असते. म्हणून तेल काही दिवस स्थिर ठेवायचे, तळाची तोटी सोडून पाणी आणि गाळ काढायचा, आणि बर्नरची नळी टाकीच्या तळापासून वर बसवायची. पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेले पिंप या कामाला निरुपयोगीच समजावे.

दुसरा धोका पेट्रोलचा. कार्बोरेटर धुतलेले पेट्रोल त्याच पिंपात ओतण्याची सवय सर्रास आहे. त्यामुळे दोनशे अंशांपर्यंत निर्धोक असणारे तेल साध्या तापमानालाही भडकू शकते. ब्रेक ऑइल, थिनर, ग्रीस काढण्याची क्लोरीनयुक्त द्रावणे यांचे पिंप वेगळेच हवे. क्लोरीन असलेले तेल जळताना आम्ल वायू आणि कमी तापमानाला डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. शेतातल्या डीपीमधून काढलेले ट्रान्सफॉर्मर तेल तर यात चुकूनही मिसळू नये. जुन्या विद्युत उपकरणांतील काही तेलांत पीसीबी हे अतिविषारी रसायन असू शकते. केंद्राच्या २०१६ च्या आदेशाने त्याचे उत्पादन आणि आयात बंद केली आणि वापर थांबविण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत ठरविली.

ज्योत विझली की तेलाचा पुरवठा आपोआप तोडणारा प्रकाशसंवेदक आणि विद्युत झडप यांना पर्याय नाही. ते नसेल तर तापलेल्या भट्टीत न जळालेले तेल साचत राहते आणि पुन्हा पेट घेताना स्फोट होतो. भट्टीजवळ पाण्याच्या बादल्या नव्हे, तर फेसाचे किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक हवे. आणि हा कापसाचा मुलूख आहे. जिनिंगच्या आवारात हवेत तरंगणारा कापसाचा तंतू ठिणगीला पुरतो. अशा ठिकाणी उघडा तव्याचा बर्नर लावणे म्हणजे शुद्ध अविचार होय.

कायदा काय म्हणतो?

घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत ‘वापरलेले तेल’ आणि ‘टाकाऊ तेल’ असा भेद केला आहे. इंजिन, गिअर, हायड्रॉलिक, ट्रान्सफॉर्मर यांतून निघते ते वापरलेले तेल. त्याची वाट पुनर्प्रक्रियेकडे जाते. तेलशुद्धीकरण कारखाने, साठवण टाक्या, जहाजे यांतील गाळ आणि सांडलेले तेल म्हणजे टाकाऊ तेल. ते ठरावीक निकषांत बसले तर भट्टीत इंधन म्हणून वापरता येते. निकषांत शिसे दहा लाख भागांत शंभर भागांपर्यंत आणि पीसीबी दोन भागांहून कमी अशा मर्यादा आहेत. याचा सरळ अर्थ असा, की गॅरेजवाल्याने आपल्या पिंपातले तेल हवे तेव्हा हव्या त्या भट्टीत जाळावे, अशी मोकळीक कायद्याने दिलेली नाही. घातक कचऱ्याचा इंधन म्हणून उपयोग करायचा तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. बुलडाणा जिल्ह्यासाठी ती वाट मंडळाच्या अमरावती प्रादेशिक कार्यालयाकडे जाते.

अमेरिकेत गॅरेजला स्वतःकडचे तेल खोली तापविण्यासाठी जाळण्याची सवलत आहे; पण हीटरची क्षमता ताशी पाच लाख बीटीयूच्या आत हवी, म्हणजे तासाला अंदाजे चौदा लिटर, आणि धूर इमारतीबाहेर सोडला पाहिजे. तेथे हिवाळाभर बर्फ असतो. आपल्याकडे ऊब हवी असते ती महिना-दोन महिने, त्यामुळे ही सवलत जशीच्या तशी उचलण्याचे कारण दिसत नाही.

टाकाऊ तेलाच्या व्यवहाराचा सर्वांत गाजलेला धडा महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावर मिळाला. न्हावाशेवा बंदरात वंगण तेल म्हणून आयात केलेल्या १३३ कंटेनरमध्ये प्रत्यक्षात घातक टाकाऊ तेल निघाले. ५ जानेवारी २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते देखरेखीखाली आणि आयातदारांच्या खर्चाने जाळून नष्ट करण्याचा आदेश दिला. तेल जाळायचेच, पण कोठे, कशात आणि कोणाच्या डोळ्यांसमोर, हे त्या आदेशात ठरवून दिले गेले.

१ एप्रिल २०२४ पासून वंगण तेलाच्या उत्पादक आणि आयातदारांवर वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टप्प्याटप्प्याने टाकण्यात आली आहे. कागदावर ही योजना चांगली आहे. अडचण लहान गावांची आहे. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याची गाडी दोन पिंपांसाठी फिरकत नाही, मग ती पिंपे भंगारवाल्याकडे जातात आणि तेथून पुढचा हिशोब कोणी ठेवत नाही. गाळून-उजळून तेच तेल नव्या डब्यात भरून विकले जाण्याचा धोकाही असतो. तालुक्यातील गॅरेज, ट्रॅक्टर दुरुस्तीची दुकाने आणि एसटीचे आगार यांचे तेल एकाच ठिकाणी, छताखाली आणि नोंदीसह जमा झाले, तर गाडीभर माल सहज होईल. बर्नर विकत घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे.

तळणाच्या तेलाची गोष्ट थोडी निराळी. कचोरीमुळे शेगावचे नाव दूरवर गेले, आणि तळणाच्या कढया या भागातल्या प्रत्येक बाजारपेठेत आहेत. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते खाण्यासाठी वापरता येत नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशा तेलापासून बायोडिझेल बनविण्यासाठी संकलन मोहीम सुरू झाली. या तेलात इंजिनाच्या झिजेचे धातू नसतात आणि गंधकही नगण्य, त्यामुळे बर्नरमध्ये ते इंजिन तेलापेक्षा निर्धोक. मात्र ते चिकट होऊन नळ्यांत गोठते आणि त्यातील आम्लांनी तांब्याचे भाग गंजतात.

ज्या कारखान्यांना परवानगी घेऊन तेल जाळता येते त्यांच्यापुढे शेवटी राखेचा प्रश्न उरतोच. एक हजार लिटर इंजिन तेलामागे ढोबळमानाने चार ते नऊ किलो राख निघू शकते. तीत जस्त, शिसे, क्रोमियम एकवटलेले असते, म्हणून ती उकिरड्यावर किंवा शेणखतात टाकता येत नाही. ती बंद पिंपात भरून घातक कचऱ्याच्या अधिकृत प्रकल्पाकडे पाठवावी लागते. विदर्भातील असा प्रकल्प नागपूरजवळ बुटीबोरी येथे, जळगाव जामोदपासून अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे.