खोताचं माप आणि आईचं ताट

मंडणगड-दापोलीच्या वस्त्यांत मी आहारावर बोलतो. बाळंतिणीनं नाचणी, कुळीथ, टाकळ्याची भाजी खावी. सहा महिन्यांनी पोराला अंगावरच्या दुधासोबत मऊ भात चारावा. हे सांगायलाच हवं. पण मित्रांनो, नाचणी पिकवणाऱ्या बाईच्याच ताटात ती का नव्हती? अर्धेल असो की तिर्धेल, खळ्यावर खोताचं माप आधी. उरलं ते घरात, आणि घरात आई शेवटी जेवणार.

वणंदची रमाई मुंबईत नांदली. तिचीही पाचातली चार लेकरं गेली. हे दुःख घरात असताना बाबासाहेब १९२८ साली मुंबई कौन्सिलात बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी बोलले. आईच्या विश्रांतीत देशाचं हित आहे, तिचा भार सरकारनंही उचलावा, असं त्यांचं म्हणणं. १९२९ ला कायदा झाला, पण कारखान्यापुरता. चिखलात वाकून लावणी करणाऱ्या गरोदर बाईला त्यातलं काय मिळालं? म्हणून १७ सप्टेंबर १९३७ चं त्यांचं खोतीविरोधी बिल मला आरोग्याचंच बिल वाटतं. (डॉक्टरी पुस्तकात ते सापडायचं नाही.) खोती मोडणारा कायदा यायला १९४९ उजाडलं.

१९७५ ला अंगणवाडी योजना आली. आहार-आरोग्याचं शिक्षण तिच्या सहा कामांतलं एक. तिथला तक्ता बाईला जरूर समजावा. पण आधी विचारा: बाय, घरात धान्य किती हाय, आणि तू कुणाकुणाच्या मागनं जेवतेस?