बापाची पुन्हां शाळा

लहानपणाचे गोडवे गाण्याचा अधिकार जगांत बहुतेक प्रौढांनींच बळकावलेला आहे. ज्यांना तें लहानपण प्रत्यक्ष भोगावें लागत असतें त्यांचें मत कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलेंच, तर उत्तर ऐकून घेण्याइतका धीर वडील मंडळींच्या अंगीं क्वचितच असतो. तुकोबांनीं देवाजवळ लहानपण मागितलें खरें, पण तें नम्रतेचें लहानपण. त्यांत पाढे आणि पट्टी यांचा समावेश नव्हता. हा भेद विसरून आमच्याकडील कित्येक पिते तोच अभंग मुलांच्या तोंडावर फेंकीत असतात. विलायतेंतही हा प्रकार चालूच होता, आणि इ. स. १८८२ सालीं पंचविशींतल्या एका तरुणानें त्याचा असा कांहीं समाचार घेतला कीं, शंभरावर वर्षें लोटलीं तरी त्या पुस्तकानें उसळविलेलें हंसूं अद्याप पुरतें ओसरलेलें नाहीं.

या तरुणाचें नांव थॉमस अ‍ॅन्स्टी गथ्री (१८५६-१९३४). केंब्रिजचें शिक्षण आणि बॅरिस्टरीची सनद पदरीं असतां तो लेखणीकडे वळला, व 'एफ. अ‍ॅन्स्टी' या टोपणनांवानें त्यानें 'व्हाइस व्हर्सा' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचें पोटनांव होतें 'बापांस एक धडा'. कथानक अगदीं साधें आहे. पॉल बल्टिट्यूड हा लंडनचा एक सधन, विधुर व्यापारी. घरांत मुलांचा गलबला झाला कीं याच्या कपाळाला आठी पडलीच. त्याचा मुलगा डिक सुट्टी संपून वसतिगृहाच्या शाळेंत परत निघाला आहे; गाडी दाराशीं उभी आहे, पण पोराचा पाय कांहीं घरांतून निघत नाहीं. अशा वेळीं वडील त्याला ऐकवितात कीं, शाळेचे दिवस म्हणजे आयुष्यांतील सर्वांत सुखाचे दिवस. आपल्याला पुन्हां तसें पोर होतां आलें तर काय बहार होईल! दुर्दैवानें त्या क्षणीं त्यांच्या हातांत डिकच्या मामानें हिंदुस्थानांतून आणलेला एक 'गरुडमणि' असतो, आणि धरणाराची एक इच्छा पुरी करावी असा त्या मण्याचा गुण असतो. शेठजींची हौस तत्काळ फिटते. मन पन्नाशीचें तसेंच राहतें, देह मात्र डिकचा होतो. मग तो मणि डिकच्या हातीं लागतो. तो बापाचें रूप मागून घेतो, आणि बापालाच गाडींत बसवून शाळेंत रवाना करून देतो.

आमच्या पुराणांतला गरुड अमृत आणून आईचें दास्य फेडणारा. लोकांच्या हौशी पुरविण्याचा धंदा त्यानें केल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. पण बापानें मुलाचें वय घ्यावें ही गोष्ट मात्र आमच्या घरचीच आहे. आदिपर्वांत शुक्राचार्यांच्या शापानें अकाळीं म्हातारा झालेला ययाति आपल्या पुत्रांजवळ तारुण्य मागतो. यदु, तुर्वसु, द्रुह्यु व अनु नाहीं म्हणतात, आणि धाकटा पूरु तें देतो. परंतु ययातीनें तारुण्य घेतलें तें भोगासाठीं. पूरुच्या वयाबरोबर पूरुचे गुरु, पूरुची घोकंपट्टी आणि पूरुवर असलेला वडिलांचा धाक यांतलें त्याला कांहींच पत्करावें लागलें नाहीं. अ‍ॅन्स्टीनें तो व्यवहार पुरा केला. त्याच्या ययातीला वय मिळालें तें वेळापत्रकासकट.

आणि तो ययाति शाळेंत काय करतो? तो आपली व्यापाऱ्याची ऐट सोडीत नाहीं. आगगाडीच्या डब्यांत मुख्याध्यापक डॉ. ग्रिमस्टन यांच्याशीं तो बरोबरीच्या नात्यानें गप्पा मारूं लागतो, तो त्यांना उद्धटपणा वाटतो. खेळाच्या तासाला मुलें मनापासून खेळत नाहींत, नुसता देखावा करतात, असें तो त्यांच्या कानावर घालतो. मोठ्यांच्या जगांत ज्याला सचोटी म्हणतात त्यालाच मुलांच्या जगांत चहाडी असें नांव आहे, हें त्याला कळतें तें सोबत्यांचा मार खाल्ल्यावर. ग्रिमस्टनची मुलगी डल्सी ही डिकची बालमैत्रीण. तिच्या रुसव्याचा अर्थ या पन्नाशीच्या गृहस्थाला कोठून लागणार! पण पुस्तकाचें खरें मर्म आम्हांला निराळेंच वाटतें. बल्टिट्यूड जें जें बोलतो तें अक्षरशः खरें असतें, आणि केवळ तें पोराच्या तोंडून येतें म्हणून कोणी तें ऐकून घेत नाहीं. तोच माणूस, तींच वाक्यें. आठवड्यापूर्वीं त्यांना वजन होतें, आतां त्यांना शिक्षा आहे. अखेर सर्वांदेखत छडीचे फटके खाण्याची पाळी येते, तेव्हां हा प्रतिष्ठित व्यापारी शाळेंतून चक्क पळ काढतो.

यापूर्वीं शाळेवर कादंबऱ्या झाल्या नव्हत्या असें नाहीं. टॉमस ह्यूजचें 'टॉम ब्राउन' १८५७ त निघालें, आणि पुढच्याच वर्षीं फ्रेडरिक फरारचें 'एरिक'. हे फरारसाहेब जन्मानें मुंबईकर (१८३१), हें आमच्यापैकीं थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचा एरिक एकेक पायरीनें पापाकडे घसरत जाऊन शेवटीं मरतो, आणि पानोपानीं अश्रूंचा चिखल होतो. या दोन्ही पुस्तकांत सुधारणा व्हावयाची ती मुलाची. सुधारण्याची गरज बापालाही असूं शकेल, ही शंका अ‍ॅन्स्टीपूर्वीं या धर्तीच्या लेखकांस फारशी शिवलेली दिसत नाहीं. दुसरी संधि येथें मुलाला नव्हे, बापाला मिळते.

या पुस्तकाशीं एक चमत्कारिक हकीकत जोडलेली आहे. प्रसिद्ध कादंबरीकार अँथनी ट्रॉलप हे ३ नोव्हेंबर १८८२ रोजीं एका आप्ताच्या घरीं जेवावयास गेले होते. जेवणानंतर 'व्हाइस व्हर्सा'चें वाचन चाललें असतां इतरांबरोबर तेही पोट धरून हंसत होते, आणि हंसतां हंसतांच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. ६ डिसेंबरला ते वारले. पुढल्या वर्षीं त्यांचें आत्मचरित्र छापून निघालें, तेव्हां वाचकांस कळलें कीं, हॅरो व विंचेस्टर येथील शाळांत या मनुष्यानें पोरपणीं दारिद्र्यापायीं किती अपमान आणि किती छड्या सोसल्या होत्या. त्या रात्रीं खोलींतील इतर मंडळी बल्टिट्यूडला हंसत असतील. ट्रॉलप कोणाला हंसत होते, याचा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

गोष्टीचा शेवट घरींच होतो. धाकटा मुलगा रोली, ज्यानें अद्याप कांहींच मागितलेलें नसतें, त्याच्या इच्छेनें बापलेक आपापल्या देहांत परततात. बापाला आतां डिकवर ओरडावयाचें असतें, पण तोंडांत पूर्वींचे शब्द येत नाहींत. एवढें झालें कीं लेखक थांबतो. आमच्याकडचा एखादा असता तर त्यानें आणखी एक प्रवचन जोडलें असतें.

कल्पना मात्र थांबली नाहीं. पीटर उस्तिनॉव्हनें १९४८ त या कादंबरीवर बोलपट काढला. अमेरिकेंत १९७२ त मेरी रॉजर्सनें 'फ्रीकी फ्रायडे' लिहून बापलेकांच्या जागीं मायलेकी बसविल्या, आणि त्याचेही चित्रपट झाले. ग्रिमस्टनची छडी अधिक चिवट निघाली. इंग्लंडच्या सरकारी शाळांतून ती १९८७ त गेली. ग्रिमस्टनसारख्यांच्या खासगी शाळांतून जावयास १९९९ साल उजाडलें. आमच्याकडे २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें तिला बंदी केली; कायद्याची बातमी सर्व शिक्षकबंधूंपर्यंत पोंचली असेल अशी आशा आहे.

इतकी स्तुति केल्यावर दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. हाच अ‍ॅन्स्टी १८८७ पासून 'पंच' पत्राच्या लेखकमंडळांत होता, आणि त्याच पत्रांतून त्यानें 'बाबू जबरजी, बी. ए.' हें पात्र रंगविलें; १८९७ त त्याचें पुस्तक निघालें. बॅरिस्टर होण्यास लंडनला गेलेला हा बंगाली पदवीधर शब्दकोश गिळल्यासारखें इंग्रजी बोलतो, आणि लग्नाचें वचन मोडल्याच्या फिर्यादींत सांपडतो. विनोद चलाख आहे. आम्हीही कित्येक ठिकाणीं हंसलों. परंतु परक्या भाषेंत, परक्या गांवीं, परीक्षकांच्या मर्जीवर जगणाऱ्या त्या तरुणाची अवस्था ग्रिमस्टनच्या शाळेंतील बल्टिट्यूडहून वेगळी ती काय होती? तोही खरें तेंच सांगतो, आणि ऐकणारे त्याच्या शब्दांचा अर्थ न घेतां नुसता नाद घेऊन हंसतात. ज्यानें बापाला मुलाच्या कातडींत घालून पाहिलें, त्याला बाबूच्या कातडींत शिरून पाहण्याची बुद्धि झाली नाहीं; आणि गरुडमणि तर त्यानें आमच्याच देशांतून नेला होता. आमच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस आम्ही हीं दोन्ही पुस्तकें वाचावयास सांगतों, आणि त्यांत बाबूचें अगोदर.