वृद्ध स्त्रियांचे बौद्धिक आरोग्य (व्यायाम व मानसिक प्रशिक्षण)

वाढत्या वयातही स्मृती, अवधान, विचारशक्ती व निर्णयक्षमता टिकून राहणे म्हणजे बौद्धिक आरोग्य होय. त्यासाठीच्या औषधविरहित उपायांत शारीरिक व्यायाम व मानसिक प्रशिक्षण हे प्रमुख मानले जातात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत स्त्रियांची संख्या अधिक असते. त्यांचे सरासरी आयुर्मान जास्त असणे हे याचे एक कारण आहे. भारतातील ६० वर्षांवरील लोकसंख्येत या विकाराचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असून ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

बर्लिनमधील प्रयोग

जर्मनीतील बर्लिन येथे ७० ते ९३ वर्षे वयाच्या २५९ निरोगी स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रकाशित झाले. सहभागी स्त्रियांचे तीन गट यादृच्छिक पद्धतीने पाडण्यात आले. पहिल्या गटाने व्यायामाचा, तर दुसऱ्याने संगणकाचा अभ्यासक्रम केला. दोन्ही वर्ग सहा महिने, आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी दीड तास चालत. तिसऱ्या गटाने नेहमीचा दिनक्रम चालू ठेवला. ऐकलेली गोष्ट काही वेळाने आठवून सांगण्याच्या चाचणीत पहिल्या दोन्ही गटांची प्रगती झाली. शब्द आठवणे व कार्यकारी स्मृती यांत त्यांची पातळी टिकून राहिली, तर तिसऱ्या गटाची घसरली.

स्नायुबलाचे व्यायाम

कॅनडातील व्हँकूवर येथे ६५ ते ७५ वर्षे वयाच्या १५५ स्त्रियांचा अभ्यास करण्यात आला. बारा महिने आठवड्यातून एकदा किंवा दोनदा स्नायुबलाचे व्यायाम केलेल्या स्त्रियांचे निवडक अवधान सुधारले. केवळ तोल व लवचीकतेचे व्यायाम करणाऱ्या गटात अशी सुधारणा दिसली नाही.

मर्यादा

मानसिक प्रशिक्षणाचा लाभ बहुधा सरावलेल्या कौशल्यापुरताच राहतो. अमेरिकेत २,८३२ वृद्धांवर केलेल्या चाचणीत स्मृती, तर्क व आकलनाचा वेग यांपैकी ज्याचे प्रशिक्षण दिले तेच प्रामुख्याने सुधारले. तसेच चाचणीतील गुण वाढले म्हणजे स्मृतिभ्रंश टळला, असे सिद्ध होत नाही. वरील दोन्ही प्रयोग अल्पमुदतीचे होते.

शिफारशी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बौद्धिक ऱ्हासाचा धोका कमी करण्यासाठी निरोगी प्रौढांना शारीरिक हालचालीची ठाम, तर वृद्धांना मानसिक प्रशिक्षणाची सशर्त शिफारस केली. संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. त्यासोबत किमान दोन दिवस स्नायुबलाचे व किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत.